सरपणाला जाणाऱ्या बाया

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरकडच्या आमच्या गावाहून पुण्याला आली, तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या खोलीत पीएचडीचं मॉडेल चालवत बसले होते. संगणकात मी एक गाव मांडलं होतं. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. ठिपके जंगलात सरपणाला जायचे आणि त्या वर्दळीने जनावरं कुठून हटतात, ते मॉडेल दाखवायचं. फक्त ते खऱ्या जंगलाशी जुळत नव्हतं. गावालगतच्या नाल्यातून अस्वल निघून गेलंय असं मॉडेल म्हणायचं, आणि तिथे झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात अस्वल दर आठवड्याला दिसायचं.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आई मागे येऊन बसली. "हे ठिपके काय करून राह्यले?"

"सरपणाला चाललेत. जवळच्या जंगलात. ज्यांच्याकडे गॅस आहे ते घरीच."

ती हसली. "गॅस चहापुरता. आंघोळीचं पानी कोन गॅसवर तापवते? अन् नाल्यात कोनी जात नाही. तिथं अस्वल हाय. आमी साताठ बाया मिळून टेकडीपलीकडं जातो."

मी त्याच गावात वाढले होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. लाज वाटली. मग वही काढली आणि दोन दिवस तिला विचारत राहिले. नियम बदलले. नवं मॉडेल चालवलं, तेव्हा वर्दळ टेकडीपलीकडे सरकली आणि नाला शांत राहिला, कॅमेऱ्यात होता तसाच.

विभागात ते मांडलं त्या दिवशी आई काळा चष्मा लावून शेवटच्या रांगेत बसली होती. आमचे सर फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "हे नियम कुठल्या पेपरातून घेतलेत?"

"पेपरातून नाही सर. आईने सांगितले. ती मागे बसलीय."

"मग आम्ही तुम्हाला कशाला विचारतोय?" असं म्हणून ते उठले, स्वतःची खुर्ची पुढे आणून ठेवली आणि आईला म्हणाले, "आपण इथे बसा."

एका मुलीने ओल्या झाडांबद्दल विचारलं. आई म्हणाली, "ओलं तोडून काय करता? नुसता धूर होते. वाळलेलंच आनतो." मग ती मोहफुलं वेचायच्या दिवसांबद्दल, वाटांबद्दल बोलत राहिली. सगळे लिहून घेत होते. सर भिंतीला टेकून उभे होते.

पुढे मला पदवी मिळाली, कौतुकही झालं. पण त्या अर्ध्या तासाइतकी मान ताठ पुन्हा झाली नाही.