हळू उघडणारं फोल्डर

मंडळी, वसमतच्या आमच्या बॅनरच्या दुकानात आज दुपारी जे झालं, ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

डोंगरकड्याहून एक काका पोरीला घेऊन आले. तिला पुण्याला नर्सची नोकरी लागली, म्हणून अभिनंदनाचा बॅनर करायचा होता. पोरगी उद्याच निघणार.

पेनड्राइव्हमध्ये तिचे लहानपणापासूनचे फोटो होते, दर वर्षाचं वेगळं फोल्डर. पण आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद खोलीत ठेवल्यासारखं चालतं. बाहेरची फाइल हवी तर त्याला आधी दार वाजवून कॉम्प्युटरची परवानगी घ्यावी लागते. हल्ली एकेका फोल्डरला अर्धं मिनिट लागत होतं.

बाहेरून हळदीचा वास येत होता. स्क्रीनवर चक्र फिरत होतं. दुपार जागीच थांबल्यासारखी झाली, आणि आल्यापासून गप्प असलेले काका हळूच बोलायला लागले.

"ही पाण्याला लई भ्यायची."

पुढचं फोल्डर. पुन्हा चक्र.

"येकदा तापानं फणफणली. एस्टी चुकली, तवा खांद्यावर घेऊन चालतच निघालो."

पोरगी बापाकडे बघतच राहिली. तिला हे माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मला दोष सापडला. सॉफ्टवेअर फाइल शोधायला जिथे जिथे जातं, त्या फोल्डरच्या यादीत आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता राहिला होता. तो कॉम्प्युटर कधीचाच विकला, पण सॉफ्टवेअर दरवेळी त्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं. मी पत्ता काढला. फोल्डर झटक्यात उघडलं!

काका पुन्हा गप्प. मग म्हणाले, "ताई, मघासारखं हळू न्हाई का करता येनार?"

मी तो पत्ता यादीत परत टाकला. तुम्ही नसता टाकला?