जगनचा डावा गुडघा

माप देताना गिऱ्हाईक स्थिर उभं राहिलं नाही की माझं डोकं फिरतं. जगन कधीच स्थिर उभा राहिला नाही. रोह्यात माझं शिलाईचं दुकान आहे, आणि एकोणीस वर्षं मी त्याचा नाचायचा पांढरा पोशाख उसवत, शिवत, ठिगळं लावत आले. उभी कॉलर, बाह्यांना झालर, छातीवर टिकल्यांचा गरुड, खाली ऐसपैस घेराची पँट. माप घेताना त्याचा डावा गुडघा आपोआप थरथरायचा. मी तोंडात टाचण्या धरूनच म्हणायचे, "जगन, हलू नको." गुडघा घटकाभर थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

एरवी जगन कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. कंपनीत शिफ्ट, लग्न नाही, डबाही स्वतःच भरणार. बोलायला लागला तर समोरचा घड्याळ बघायचा. पण हळदीत किंवा नवरात्रात अमेरिकेतल्या त्या जुन्या रॉक अँड रोल गायकाचं गाणं लागलं, की हाच जगन टाच उचलून चवडा जमिनीवर गिरमिटासारखा फिरवायचा, ओठाचा एक कोपरा वर चढवायचा, आणि आयाबायासुद्धा शिट्ट्या मारायच्या. त्याच्याजवळ मोलाचं असं तेवढंच होतं.

गेल्या वर्षी पेणच्या रामवाडीतल्या एका मंडळानं गणपतीच्या देखाव्यात त्या गायकाचा हलता पुतळा करायचं ठरवलं. काम पेणजवळच्या जोह्यातल्या दिनानाथ मूर्तिकाराकडे गेलं. जगनच्या कानावर आलं मात्र, सुट्टीच्या दिवशी बस बदलत हा जोह्याला हजर. पायांना प्लास्टर थापून घेऊन ताटकळत उभा राहिला, आणि दिनानाथनं त्याच्या पायांचा साचा काढला. मग पुतळ्याला कपडे हवेत म्हणून जगननं आपला जुना पोशाखच द्यायचं कबूल केलं आणि मला नवा शिवायला सांगितला.

आमच्या आईची एक रीत होती. अंगावर वापरलेला कपडा दुसऱ्याला द्यायचा तर त्यातला एक धागा ओढून मालकाच्या हातात ठेवायचा, म्हणजे कपड्याबरोबर सगळा माणूस जात नाही. मी ही रीत कधी मोडली नव्हती. पण त्या दिवशी जगननं नव्या पोशाखाची कॉलर तिसऱ्यांदा उसवायला लावली होती, आणि माझा राग नाकावर असतो. जुना पोशाख घडी करून त्याच्यापुढे आदळला. धागा आठवला होता. मुद्दाम काढला नाही.

गणपतीत आम्ही दोघं रामवाडीला देखावा बघायला गेलो. मोटर सुरू झाली, पुतळ्याची टाच उचलली गेली, गुडघा थरथरला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी बघत होते ती पँटची चुणी. जगनच्या गुडघ्यावर पडणारी, कितीही इस्त्री केली तरी न जाणारी ती चुणी इथेही तिथेच पडत होती. शेजारी पाहिलं, तर जगन स्तब्ध उभा होता, गुडघासुद्धा हलत नव्हता.

नवरात्रात रोह्यात त्याचं गाणं लागलं आणि तो नव्या पोशाखात नुसता उभा राहिला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "विमलबाई, पाय ऐकत नाय."

मी टेप लावली. हलू नको म्हणायची वेळच आली नाही. उजवीकडे पायाची लांबी चाळीस इंच, नेहमीची. डावीकडे एकोणचाळीस. जुनी टेप ताणली गेली असेल म्हणून नवी कोरी काढली. एकोणचाळीसच.

तेव्हा मी त्याला धाग्याचं सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला घेऊन मी भरदुपारी जोह्याला गेले. गणपती संपल्यावर परत आलेला पुतळा शेडमध्ये, रंग न लागलेल्या गणपतींच्या रांगेमागे उभा होता.

"मोटर कवाच काढली त्याची," दिनानाथ म्हणाला. "दुसऱ्या देखाव्याला लावलीय."

मी पँटला हात लावला. गुडघ्याशी कापड घामानं ओलं होतं. डाव्या चवड्याखाली मातीच्या जमिनीत वाटीएवढा खळगा पडला होता, आणि भोवतीची माती ताजी होती.

"घूस असंल," दिनानाथ म्हणाला, पण खळग्याकडे बघेना.

धागा ओढून घ्यायला मी पिशवीतून कात्री काढली. जगननं माझा हात धरला.

"नको, विमलबाई. पन्नाशी आली माझी. नाचल्यावर गुडघा रात्रभर ठणकायचा, कुणाला बोललो नाय. ह्याला ठणकत नाय."

"अरे, मग तुझ्याकडं उरलं काय?"

"मी येईन की बघायला."

आणि तो जातो. दर सुट्टीला जोह्याला जाऊन रंगाच्या उपड्या डब्यावर बसतो आणि हातानं ठेका धरतो, असं दिनानाथ सांगतो.

यंदा श्रावणात दिनानाथचा फोन आला. "ताई, मंडळ पुतळा परत मागतंय. पण त्याची डावी पँट आखूड झालीय. जरा येऊन दुमड सोडून द्याल?" आदल्याच दिवशी मी जगनचं माप घेतलं होतं. डावीकडे अडतीस.

जगन शिफ्टला होता, म्हणून मी एकटीच गेले. पुतळ्याच्या पायाशी बसले, दुमड उसवली. एक धागा नखात आला. आज हात धरायला कुणी नव्हतं. ओढायचा, नेऊन जगनच्या हातात ठेवायचा, एवढंच. पण इथलं थांबलं आणि तिथलं सुरूच झालं नाही, तर? मग ते नाचणं कुठेच उरणार नाही. एकदा माझ्या रागानं त्याचं घालवलं होतं; पुन्हा माझ्याच हातानं घालवायचं धाडस होईना. मला रडू आलं. धागा सोडून दिला, दुमड दोन इंच खाली घेतली, टाचण्या तोंडात धरल्या आणि शिवायला लागले.

कापड बोटांखाली थरथरू लागलं. सुई जागेवर पडेना. सवयीनं तोंडातून गेलं, "जगन, हलू नको."

गुडघा थांबला.