शुवैखच्या शेडमधला गजर

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो. पन्नाशीला टेकलेली चार माणसं सहा वर्षं दर शुक्रवारी सकाळी एकाच पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळत बसली, की ते आपोआप साचतात, एसीखालच्या बादलीत पाणी साचतं तसे. मग कधीतरी बादली भरते आणि कुणालातरी उठून ती ओतावी लागते. आज माझी पाळी.

आमचा कुवेतमध्ये एक बँड आहे. नाव 'रेड रोड'. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं जुनं रॉक आम्ही वाजवतो. स्वतःचं काही नाही, तिकडच्या नामांकित बँडांची गाणी जशीच्या तशी. याला ट्रिब्यूट बँड म्हणतात. माझी बायको झेरॉक्स म्हणते.

गाणी सोपी आहेत. त्यातला प्रत्येक माणूस एक तर घरी निघालेला असतो, नाहीतर घर सोडल्याचा पस्तावा करत हायवेवर उभा असतो. एकोणीस वर्षं कुवेतमध्ये काढल्यावर यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

खरं सांगू? आता थकवा येतो. आठवडाभर रिफायनरीत उन्हात हिंडायचं आणि सुट्टीच्या सकाळी साडेसातला शुवैखमध्ये, कारखान्यांच्या भागात, गिटारचा अँप उचलायचा. दर शुक्रवारी वाटतं, पुरे झालं. पुढच्या शुक्रवारी परत आपले गाडीत.

* * *

आधी माझंच सांगतो. मी नाशिकचा, बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. माझं संगीताचं शिक्षण म्हणजे तानपुरा! माझी आत्या शास्त्रीय गायची. सातवीपासून इंजिनिअरिंगला जाईपर्यंत तिच्या प्रत्येक कार्यक्रमात मागे बसून तानपुरा छेडायचं काम माझं. चार तारा, तोच क्रम, दोन-दोन तास. खाज आली तरी हात हलवायचा नाही, जांभई आली तर तोंड मिटून द्यायची.

तानपुऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. तो थांबला की मात्र सगळे मागे वळून बघतात. बेसचं अगदी तसंच आहे. म्हणून मला तो जमला.

माझी मुलगी इथेच जन्मली. एकदा कार्यक्रम बघायला आली होती. परत येताना गाडीत मी विचारलं, "कसा वाजवला बाबांनी?"

"बाबा, यू आर लिटरली द बॅकग्राउंड!"

आत्या आज असती तर तिने पोरीची पाठ थोपटली असती.

* * *

आमचे गिटारवाले कुलकर्णी. पुण्याचे, प्रोसेस इंजिनिअर. या संगीतात काचेची नळी बोटात घालून तारेवरून घसरवत वाजवायची एक पद्धत आहे. भल्याभल्यांना वर्षानुवर्षं जमत नाही. कुलकर्ण्यांना पहिल्याच दिवशी जमली. कारण लहानपणी त्यांच्या आईने त्यांना हवाईयन गिटारच्या क्लासला घातलं होतं. मांडीवर आडवी गिटार, हातात लोखंडी कांडी आणि समोर भावगीतांची वही. गणेशोत्सवात तीन वर्षं ओळीने उत्तेजनार्थ बक्षीस.

आमचे कार्यक्रम ठरवतात ते डेलसाहेब. अमेरिकन, साठीचे, याच गाण्यांच्या मुलखातले, अर्दियाच्या एका गोदामाचे मॅनेजर. त्यांनी कुलकर्ण्यांना पहिल्यांदा ऐकलं आणि खुर्चीच सोडली. "हे तू कुठे शिकलास? कोणत्या क्लबमध्ये?"

"सोसायटीच्या मांडवात," कुलकर्णी म्हणाले. "सत्यनारायणानंतर."

डेलसाहेबांनी मान डोलवली. त्यांना वाटलं असेल क्लबचंच नाव.

* * *

गायक जोसेफ वसईचा. चर्चच्या क्वायरमध्ये वीस वर्षं गायलेला, इथे विमानाच्या कार्गो ऑफिसात कामाला. आवाज लोण्यासारखा. तीच तर अडचण! क्वायरमध्ये एकच शिकवण: कुणाचा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. आणि ही गाणी म्हणजे व्हिस्की पिऊन, नोकरी गमावून, पावसात भिजून आलेल्या माणसाची. जोसेफ ती अशी गायचा, जणू त्या माणसाला पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रथम कम्युनियन मिळणार आहे.

त्यात इथे दारूबंदी. गाण्यात व्हिस्की आणि हातात लबन, म्हणजे आपलं ताक. भाव येणार कुठून?

एका कार्यक्रमाच्या दिवशी धुळीचं वादळ आलं. सगळं आकाश पिवळं. जोसेफची गाडी अर्दियाच्या आसपास बंद पडली आणि तो तोंडाला रुमाल लावून पाऊण तास चालत आला. घसा पार खरवडलेला. तसाच गायला. डेलसाहेब शेवटी उठून त्याच्या गळ्यात पडले. "अखेर! आज पहिल्यांदा हा माणूस काहीतरी सोसलेला वाटला!"

तेव्हापासून जोसेफ हवामानाचा अंदाज बघूनच कार्यक्रम घेतो.

* * *

आता परब. आमचा ड्रमर कायमचा मायदेशी गेला आणि आम्ही मशीनवर ठेका लावून सराव करायला लागलो. आमची शेड म्हणजे एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा कोपरा. मागच्या खोलीत तिथले वेल्डर राहतात, सगळे बायकामुलं गावाला ठेवून आलेले. एका शुक्रवारी त्यातला एक जण खांद्यावर पंचा टाकून दारात उभा राहिला.

"ह्यो वाजवणारो कंटाळल्यासारखो दिसता," तो म्हणाला. "जीव नाय तेच्यात."

"अहो, तो माणूस नाही, मशीन आहे."

"मगे बरोबर. म्हणान कोणाची वाट बघणा नाय."

हे सखाराम परब, कुडाळकडचे. वडील गावच्या देवळात मृदंग वाजवायचे, त्यांचे वडीलही. परबांनी चपला बाहेर काढल्या, ड्रमला हात लावून तो कपाळाला लावला आणि बसले. आजही ते अनवाणीच वाजवतात. डेलसाहेबांना ती आपल्या मुलखाची जुनी स्टाइल वाटते. बँडचं नावही परबांचंच. तिकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्याचा व्हिडिओ बघून ते म्हणाले होते, "ह्यो तर आमच्या वाडीचो रस्तो!"

त्यांच्याच तोंडून हळूहळू कळलं ते असं. गावात श्रावणात देवळात सप्ताह असतो. सात दिवस अखंड हरिनाम, मृदंग एक क्षणही थांबायचा नाही. दोन-दोन तासांची एकेक पहार, म्हणजे पाळी, घराघरांत वाटलेली. शेवटच्या दिवशी सकाळी दहाची पहार परबांच्या घराची, पिढ्यान्‌पिढ्या. तो मान. पण वडिलांचे हात आता थरथरतात. गेल्या वर्षी त्यांना मध्येच थांबावं लागलं आणि पुढचं चुलतभावाच्या घराने वाजवलं. यंदा परबांच्या घरातून कुणी पहार पुरी केली नाही, तर मान तिकडेच जाणार. परबांना दोन मुली, त्यांच्या पाठीवर कुणी नाही.

"चार वर्षां झाली सप्ताहाक गावाक जावक गावला नाय," परब म्हणाले होते. "ह्या वर्षी काय झाला तरी जातलंय."

* * *

त्याआधी दस्मानच्या हॉलमधला किस्सा सांगितलाच पाहिजे. या संगीतात एक भलं लांब गाणं असतं. सुरुवात संथ, मग लय वाढत वाढत जाते. आम्हाला ते बसवायला दोन महिने लागले. परबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो तर भजनातलो गजर! ह्येच्यात शिकण्यासारखा काय आसा?"

कार्यक्रमात गाणं चढलं. रेकॉर्डवर नऊ मिनिटांचं आहे. नऊ झाली, दहा झाली, परब थांबेनात. मी वाजवतोय. कुलकर्णी वाजवतायत. जोसेफ परबांकडे बघतोय, की हे कधी संपवतात. परब जोसेफकडे बघतायत. बारा मिनिटं. पंधरा. कुलकर्ण्यांच्या बोटाला फोड आला. अठराव्या मिनिटाला जोसेफने घाम पुसायला हात वर केला आणि परबांनी तिहाई घेऊन खटकन गाणं संपवलं!

आत आल्यावर कुलकर्णी ओरडले, "परब, अहो जीव घेता काय?"

"मी काय करू? बुवांनी हात वर केल्याशिवाय मृदंग थांबवचो नसता!"

बाहेर डेलसाहेब डोळे पुसत उभे होते. म्हणाले, तरुणपणी ऐकलं होतं तसंच, अगदी तस्संच. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून खाली बसलो होतो, कुणात उठायचं त्राण नव्हतं.

* * *

श्रावणाच्या तोंडावर परबांच्या मुदीरने, म्हणजे वर्कशॉपच्या मॅनेजरने, रजेचा कागद परत केला. शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम आहे, आत्ता रजा नाही. दिवाळीनंतर बघू. परबांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि त्या शुक्रवारी एकही ठोका चुकवला नाही. मला फार वाईट वाटलं.

शेवटी वडिलांनीच तोड काढली. ते देवळातल्या मानकऱ्यांकडे गेले आणि विचारलं, झिलाने, म्हणजे मुलाने, फोनवरून पहार वाजवली तर चालेल का? दोन दिवस चर्चा झाली. निकाल आला: "घरचो माणूस वाजवता मां? देवाच्या कानार आवाज पडलो म्हणजे झाला."

शेवटचा दिवस नेमका शुक्रवार. तिकडचे दहा म्हणजे इथले साडेसात, आमच्या सरावाचीच वेळ!

गुरुवारी फोन लावून बघितला. तिकडच्या टाळांचा आवाज आमच्यापर्यंत उशिरा यायचा आणि परबांची लय ओढली जायची. म्हणून ठरलं, की आपल्या फोनचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा. आपण वाजवायचं, गावाने त्यावर गायचं. आपल्याला काहीच ऐकू येणार नाही. मग परबांना धरायला काहीतरी हवं म्हणून जोसेफ म्हणाला, "हरिनाम मी घेतो. देव काय, नुसता सूर बघतो." कुलकर्णी गिटार मांडीवर आडवी घेऊन बसले, लहानपणीसारखी. आणि मी? मी तानपुरा. पस्तीस वर्षांनी परत तेच!

सकाळी परबांनी कणीक भिजवली आणि मोठ्या ड्रमच्या कातड्यावर मधोमध थापली, मृदंगाच्या डाव्या पुडीला लावतात तशी. काठ्या बाजूला ठेवल्या. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो चिकटवला आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. फोन त्यांच्या पाठीमागे, माझ्याजवळ, रंगाच्या रिकाम्या डब्यावर.

साडेसातला सुरू झालं. परबांचे ते हात मी दर शुक्रवारी बघतो, वेल्डिंगच्या डागांचे. त्या दिवशी ते वेगळेच वाटले. मला एकदाही जांभई आली नाही.

आठला पाच कमी असताना फोनचा स्क्रीन काळा झाला. कॉल कटला होता.

माझा उजवा हात तार छेडत होता, पण मोकळी तार वाजवायला डावा लागत नाही. डाव्या हाताने मी परत फोन लावला. लागला नाही. परत लावला. सात वेळा लावला. कुलकर्ण्यांनी ते बघितलं. मी डोळ्यांनीच विचारलं, सांगू का? त्यांनी परबांच्या पाठीकडे बघितलं. बनियन घामाने चिकटलं होतं, मान देवाकडे होती. कुलकर्ण्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वाजवत राहिले.

आम्ही दीड तास आणखी वाजवलं. शुवैखच्या शेडमध्ये, चार माणसांनी, कुणासाठीही नाही.

साडेनऊला जोसेफने हात वर केला. परबांनी तिहाई घेतली आणि थांबले. एसीचा घर्रघर्र आवाज तेवढा ऐकू यायला लागला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात डब्यावरचा फोन थरथरायला लागला. वडील. परबांनी स्पीकर लावला.

"झिला..." पलीकडून जोरजोरात श्वास. "बरा वाजवलंस रे... सगळो आवाज इलो... शेवटपर्यंत... एकव बोल... चुकलो नाय तुझो."

"मान ऱ्हवलो, बाबा?"

"ऱ्हवलो... आपल्याच घरात ऱ्हवलो."

"तुमचे हात कशे आसत?"

"माझ्या हातांका काय झाला? मी... मी नुसतो बसान आयकत होतंय."

फोन ठेवला गेला. परब बराच वेळ ड्रमवरची वाळलेली कणीक अंगठ्याच्या नखाने खरवडत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साहेब, बसान आयकणाऱ्याक दम लागता काय ओ?"

मी वायर गुंडाळायला घेतली. तिचं दुसरं टोक अजून अँपमध्येच होतं.