खंडेनवमीला पूजलेलं विमान

माझा नवरा वैमानिक होणार होता आणि माझ्यामुळे झाला नाही. हे माझं म्हणणं नाही, आमच्या घरात ते तसं सांगितलं जायचं. पाहुण्यांचा चहा झाला की सासूबाई हमखास विषय काढायच्या. "पायलटच्या कोर्सला चालला होता. लगीन ठरलं अन् ऱ्हायलं." त्या परभणीकडच्या, वाकडला आमच्याकडेच असतात. नवरा खाली बघून किंचित हसायचा. मला सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याची चीड यायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा तो हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसून चांगला रुळला होता. कोर्सचा फॉर्मसुद्धा त्याने कधी भरलेला नव्हता.

मागच्या खोलीत त्याने विमान केलं होतं. भंगारातून आणलेली गाडीची सीट, समोर तीन स्क्रीन, त्यांवर विमान उडवायचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, टेबलाला घट्ट आवळलेलं विमानाचं हँडल. घरी आलेल्या प्रत्येकाला तिथे उभं राहावं लागे. मग हा गळ्यातून वेगळाच आवाज काढून घोषणा करायचा, लोहगावच्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवायचा आणि वळून आमच्याकडे बघायचा. लोक टाळ्या वाजवायचे. मी सरबताचे ग्लास गोळा करायचे.

मी चाकणला गाड्यांच्या स्टिअरिंगच्या टेस्टिंगमध्ये आहे. चाक हाताला कसं लागतं हे बघणं, हेच माझं काम. एकदा त्याच्या ऑफिसच्या मित्रांसमोर मी ते हँडल ओढून पाहिलं आणि म्हटलं, "अहो, यात नुसती स्प्रिंग आहे. खऱ्या विमानाचं हँडल वेगात जड होतं, वेग कमी झाला की ढिलं पडतं. हे सारखंच लागतंय." एकटे असताना मी त्याला अरे-तुरे करते, लोकांत अहो.

तो हसला. "राव, टेम्पोची स्टिअरिंगं बघणाऱ्या मॅडम आता मला विमान शिकवणार." मित्रही हसले. मग मला म्हणाला, "कर ना मग. सगळं खरं कर."

मी केलं.

आमच्याकडे कंपनीत टेस्टिंगचा ड्रायव्हर म्हणतो, "हाताला जड लागतंय." त्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. चाकाला हूकचा काटा अडकवून ओढतो, रद्दीवाल्याकडे असतो तसलाच, आणि किती किलोला चाक हललं ते बघतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या एकीचा भाऊ विमान चालवायला शिकवतो. त्याने माझ्यासाठी खऱ्या विमानाच्या हँडलला काटा लावून वेगवेगळ्या वेगांना ओढून पाहिलं आणि फोनवर आकडे सांगितले. मी स्प्रिंग काढून टाकली, बाद झालेल्या स्टिअरिंगमधली मोटर बसवली आणि ते आकडे जुळेपर्यंत काटा लावत राहिले. प्रत्येक बदलानंतर विमान उडवून, उतरवून बघायचे. सुरुवातीला सारखी आपटायचे, मग हळूहळू जमायला लागलं.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट सापडली. 'सोपं उड्डाण' चालू होतं. म्हणजे इतकी वर्षं आडवा वारा तो प्रोग्रामच सांभाळत होता आणि जमीन जवळ आली की विमान तोच सावरत होता. नवऱ्याचे फक्त हात हँडलवर. "हे बंद करू का?" मी विचारलं. तो ऑफिसच्या कॉलवर होता. मान वर न करता त्याने हाताने करून टाक अशी खूण केली.

काम पुरं झालं खंडेनवमीच्या सकाळी. सासूबाईंच्या माहेरची रीत कडक आहे. पूजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या कंपनीतही त्या दिवशी मशीनला हार घालून बंद ठेवतात. म्हणून पूजेआधीच मी त्याला म्हटलं, "एकदा चालवून बघ. आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही."

"विमान ते विमान," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

सासूबाईंनी हँडलला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढे नारळ ठेवला. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. काय होणार ते मला माहीत होतं आणि मला आनंद होत होता. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी होतो तसा.

दसऱ्याला सोनं द्यायला मित्र आले, निगडीहून त्याची मावशी आणि तिची मंडळी आली. सगळे मागच्या खोलीत गोळा झाले. त्याने माळ काढली, घोषणा केली आणि उडाला. वर असेपर्यंत निभावलं. उतरताना वेग कमी झाला तसं हँडल त्याच्या हातात लुळं पडलं. त्याने सवयीने ओढलं, काही होईना म्हणून आणखी ओढलं. नाक वर गेलं, एक पंख कलला आणि विमान लोहगावच्या अलीकडे एका शेतात पडलं.

"भावा, आम्ही रिक्षाने जातो," एक मित्र म्हणाला. हशा झाला. त्याने पुन्हा केलं, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी त्याच्या मानेवरून घाम वाहत होता आणि हसायचं सगळ्यांनी थांबवलं होतं.

"हिने बिघडवलंय," तो म्हणाला.

"चांगलं चालत होतं की," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, उठा जरा."

मी बसले. विमान वाऱ्याने वाकडं चाललं होतं, ते सरळ केलं. टेकताना दणका बसला, मधली रेष हुकली, पण विमान धावपट्टीवर थांबलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, चला, उशीर होतोय.

सगळे गेल्यावर सासूबाई आपट्याची पानं वेचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुला येत होतं, तर त्याला समद्यांपुढं कामून पाडलंस?"

"पडले ते स्वतः," मी म्हणाले. पायलटच्या कोर्सचा विषय त्यानंतर त्यांच्या तोंडी आला नाही.

सकाळी मी कामाला निघाले तर तो दारात उभा. "पहिल्यासारखं करून दे," म्हणाला. मी पर्स ठेवली. मोटर काढली, स्प्रिंग घातली, सोपं उड्डाण चालू केलं. तो बसला आणि घोषणा न करता अलगद उतरला. वळून मात्र बघितलं नाही. स्क्रीनकडे बघतच विचारलं, "खरंच एवढं अवघड असतं का गं?"

त्याला 'नाही' हवं होतं. मला ते म्हणता आलं असतं, माझं काही जात नव्हतं.

"याहून जास्त," मी म्हणाले. "तिथे मागे माणसं बसलेली असतात."