शोभेचा हुक

"मावशी, हातोडा ठेवा खाली. नवा माल हाय तो," बालाजीराव ओरडले.

मी आणखी एक ठोका मारला. बंपर रिकाम्या डब्यासारखा वाजला. जाड लोखंड असं वाजत नाही. जाड लोखंड ठोका गिळतं.

"किती जाडीचा पत्रा सांगितला?" मी विचारलं.

"पाच एमएम."

"तीनचा पण नाही."

"तुमी काय कानानं मोजायलाव का मावशी?"

मी माप लावून दाखवलं. अडीच. ते फोन काढून दुकानदाराचा जुना मेसेज शोधायला लागले.

माझं वर्कशॉप अहमदपूरला, नांदेड रोडला लागून आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणं हे आमचं मूळ काम. दुकान नवऱ्यानं काढलं. पुढं त्याची नजर वेल्डिंगच्या उजेडानं अधू झाली, म्हणून होल्डर मी हातात घेतला. याला तीस वर्षं होऊन गेली. आता वाकवत नाही, तेव्हा जड काम रसूलभाई करतात आणि मी बघते. रसूलभाई आमच्याकडं वीस वर्षांपासून आहेत आणि गरज असेल तेवढंच बोलतात.

बालाजीराव लोह्याकडचे कंत्राटदार. शेतात जाणारे पाणंद रस्ते, पाझर तलाव अशी कामं घेतात. साइटवर जायला त्यांनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. फोर बाय फोर म्हणजे चारी चाकांना इंजिनाची ओढ मिळते, म्हणून गाडी चिखलातून निघते. त्या जीपला मागं लावायला त्यांनी लातूरच्या एका दुकानातून हा बंपर आणला होता. काळा, खडबडीत रंगाचा, दोन्ही टोकांना लालभडक हुक. दिसायला झोकात होता, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावात वाहनांची पूजा असते, त्याच्या आत बसवून पाहिजे होता.

खंडेनवमी माझ्या घरी नसते आणि रसूलभाईंच्याही नसते. पण गिऱ्हाइकांची असते, त्यामुळं त्या आठवड्यात आम्हा दोघांना पाणी प्यायला फुरसत नसते.

मी त्या लाल हुकांवर बोट ठेवलं. "हे कशाला?"

"ते शोचे हायत," बालाजीराव म्हणाले. "फोटोत दिसाया."

"शोचे असतील तर कापून टाकू."

"हुक कापले तर बंपर कशाचा राहिला मावशी?"

इथं वाचणाऱ्याला थोडं समजावून सांगते. गाडीचा सगळा जोर चॅसीत असतो. चॅसी म्हणजे खालचे दोन लांब लोखंडी दांडे, ज्यांच्यावर इंजिन आणि बॉडी बसलेली असते. ओढण्याचं काम करायचं तर हुकाचा जोर चॅसीत उतरला पाहिजे. या बंपरचे हुक नुसत्या पत्र्याला चिकटवलेले होते. मागं आधाराची पट्टी नाही, काही नाही. एखाद्या भिंतीच्या गिलाव्यात खुंटी ठोकावी आणि तिला म्हैस बांधावी, तसलं काम.

पुण्यामुंबईत असा बंपर कदाचित चालत असेल. तिकडं हुक शोभेला राहत असतील. आमच्याकडं राहत नाहीत. आमची जमीन काळी. पाऊस पडून गेला तरी महिनाभर पाणंदीत चाक धरून ठेवते. ऊसतोड सुरू झाली की वाटेवर काही ना काही फसलेलंच असतं. रिकामी ट्रॉली, पिकअप, पाण्याचा टँकर. मग मागून जी गाडी येईल तिच्या मागं हुक आहे का, एवढंच लोक बघतात. दिसला की विचारत नाहीत. दोर अडकवून मोकळे होतात.

बालाजीरावांचा ड्रायव्हर माधव जीपला टेकून उभा होता. अकरा वर्षं त्यांच्याकडं आहे. मी त्याला विचारलं, "माधव, वाटंत कुणी आडवं आलं आणि ओढ म्हणालं, तर काय करशील?"

त्यानं आधी मालकाकडं बघितलं. "मालक म्हणले तर ओढावं लागतंय की."

"आणि तुमी काय म्हणाल हो?" मी बालाजीरावांना विचारलं.

"आता गावच्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? उद्या आपलीबी गाडी फसती."

"म्हणजे ओढणार."

"एखांद्या वेळंस."

"मग हुक शोचा कसा?"

ते चिडले. दुकानदारालाच फोन लावला, आवाज मोठा करून माझ्यापुढं धरला. दुकानदार पोरगेला वाटला. बोलणं मात्र एकदम गुळगुळीत.

"आजी, हे ऑफ-रोड प्रॉडक्ट आहे. हेवी ड्यूटी. ट्रॉलीच्या कामासारखं नसतं ते. तुम्ही नुसते चार बोल्ट आवळा."

"हुकाच्या मागं आधार का दिला नाही?"

"त्याचं डिझाइनच तसं असतं आजी. तुमचं शिक्षण किती झालंय?"

"चौथी."

"मग झालं की."

"चौथीत वजाबाकी शिकवतात," मी म्हणाले. "पाचातून तुम्ही किती काढले ते मोजलंय मी."

रसूलभाई खाली मान घालून हसले. बालाजीरावांना ते आवडलं नाही. दुकानदाराचा आवाज चढला. "आजी, उगं आमचा माल बदनाम करू नका. खुशाल ओढून बघा. हत्ती बांधा. तुटला तर नवा देतो."

"ऐकलं?" बालाजीराव मला म्हणाले. "बांधा हत्ती. बघूच."

हत्ती नव्हता, चेनकुप्पी होती. चेनकुप्पी म्हणजे वजन उचलायची हाताची साखळी. माणूस हातानं साखळी ओढतो आणि आतल्या दातेरी चाकांमुळं इंजिनसुद्धा वर उचललं जातं. तिच्यात झटका नसतो. ओढ हळूहळू वाढते, म्हणून अशा तपासणीला ती बरी.

दुरुस्तीला आलेली एक ट्रॉली उभी होती. तिच्या चॅसीला आम्ही बंपर आवळला, चांगल्या जाड बोल्टांनी. नंतर बोल्टावर खापर फुटायला नको. चेनकुप्पीचं एक टोक शेडच्या खांबाला बांधलं, दुसरं त्या लाल हुकात. मी सगळ्यांना बाजूला केलं. बालाजीराव फोनवर व्हिडिओ काढत समोर उभे राहिले, त्यांनाही दंडाला धरून सरकवलं.

रसूलभाईंनी ओढायला सुरुवात केली. साखळी ताठ झाली. पत्र्याला पोट आलं. हुकाच्या कडेनं रंगाला बारीक भेग गेली आणि आतून पांढरी भुकटी गळायला लागली.

"हे काय गळायलंय?" माधवनं विचारलं.

"पुट्टी," मी म्हणाले.

पुट्टी म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाले खड्डा बुजवायला लावतात ते पीठ. रंग मारला की खालचं लोखंड आहे की पीठ ते कळत नाही. वेल्डिंग पाहिजे तिथं यांनी पुट्टी भरली होती.

रसूलभाईंनी आणखी चार हात ओढले. ट्रॉलीचं चाक हललंसुद्धा नाही. हुक पत्र्यातून उपटून आला आणि साखळीला लोंबकळायला लागला. मागं फक्त चार टाके होते. टाका म्हणजे तुकडा जागेवर धरून ठेवण्यापुरता दिलेला वेल्डिंगचा ठिपका. आधी टाके देतात, मग पूर्ण शिवण मारतात. यांनी टाके दिले, पुट्टी भरली, काळा रंग मारला आणि त्याला हेवी ड्यूटी नाव दिलं.

 मग बालाजीरावांनी तोंड उघडलं.

"आता उद्या पूजेला काय दाखवू मी? सगळ्या गावात सांगून ठिवलंय."

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकावर ओरडायचं नसतं हे मला कळतं. त्या दिवशी मी ओरडले.

"पूजेचं सोडा! हा हुक चालू गाडीच्या झटक्यात तुटला असता तर कुठं गेला असता ठाऊक आहे? तुमी लोक नायलॉनचा दोर लावता. तो रबरासारखा ताणतो. तुटलेला हुक गोफणीतल्या गोट्यासारखा जातो. मागं कोण उभं असतं? दोर कोण बांधतं? तुमी?"

"माधव बांधतोय," ते पुटपुटले.

"मग त्याला विचारा पूजेला काय दाखवायचं ते."

दोर बांधायला मालक कधीच वाकत नाही. चिखलात ड्रायव्हर उतरतो. मालक कोरड्यावर उभा राहून हात हलवतो, आणखी घे, आणखी घे म्हणतो. तीस वर्षांत मी हेच बघितलं. हुक तुटल्यावर दवाखान्यात आणून टाकलेली माणसंही बघितली. त्यांची वर्णनं करत नाही.

माधवनं लोंबकळणारा हुक साखळीतून काढला. हातात घेऊन वजन बघितलं. "मावशी, हे डोक्यात बसलं असतं," तो म्हणाला. एवढंच. मालकाकडं न बघता, हुकाकडं बघून म्हणाला. पण बालाजीरावांनी फोन खिशात घातला.

"बरं मावशी," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मग कसला लावावा? तुमीच सांगा."

मी सांगितलं. जीपचा मागचा बंपर निवडताना आधी तो कशाला धरला आहे ते बघायचं. बॉडीला धरला असेल तर तो दागिना आहे, दागिन्याला दोर लावायचा नाही. चॅसीला धरला असेल तर ब्रॅकेट, म्हणजे बंपर चॅसीला जोडणारी पट्टी, बंपरच्या पत्र्यापेक्षा जाड पाहिजे. बहुतेक बंपरांत उलटं असतं, कारण ब्रॅकेट कुणाला दिसत नाही. टोकं खालून वर कापलेली पाहिजेत. नाहीतर नाल्यातून वर चढताना गाडीचं नाक वर जातं आणि शेपूट जमिनीत घुसतं. मागचे लाइट आणि नंबर प्लेट झाकायची नाही. वजन फार नको, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसतात. आणि लावायच्या आधी आरटीओत विचारायचं. समोरच्या लोखंडी गार्डांवरून गाड्या अडवतात हे सगळ्यांना माहीत आहे, मागचं कुणी विचारत नाही आणि मग रस्त्यात हात जोडतात.

"लई झालं की हे," बालाजीराव म्हणाले. "उद्यापतोर काय व्हतंय?"

"उद्यापर्यंत एवढंच. गाडीचा कंपनीचा बंपर आहे तो राहू द्या. मी एक हुक देते. चॅसीला कंपनीनंच भोकं ठेवलीत, त्यातच बसवते. चॅसीला वेल्डिंग लावणार नाही, भोकही पाडणार नाही."

"एकच?"

"एकच. मधोमध."

"दिसाया कसा?"

"ट्रॉलीच्या हुकासारखा दिसतो. ट्रॉलीचाच आहे."

त्यांना रडू यायचं बाकी होतं. पण तयार झाले. रसूलभाईंनी जाड प्लेट कापली, मी शिवण स्वतः मारली. कंबर आठ दिवस दुखली. हुकाला पिवळा रंग दिला, कारण शेडमध्ये तोच उरला होता. लातूरचा बंपर जीपमध्ये टाकून बालाजीराव गेले. दुसऱ्या दिवशी पूजेच्या फोटोत ते हुकाच्या पुढं उभे होते. बरोबर मधोमध.

जाताना मी माधवला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दोर ताणायच्या आधी त्याच्या मधोमध ओलं पोतं टाक, तुटला तर पोतं त्याला खाली पाडतं. आणि माणसं दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर गेल्याशिवाय गाडीत बसू नको. मालक म्हणाला तरी.

दिवाळी झाली आणि माधवचा फोन आला. पाणंदीत रिकामी ट्रॉली फसली होती. वीसेक माणसं जमली. मालक म्हणाले, ओढ. यानं पोतं टाकलं. लोक हसले, म्हणाले दोराला थंडी वाजायली का. हा म्हणाला, सगळे बाजूला झाल्याशिवाय मी चावी फिरवत न्हाई. मालक शिव्या देत बाजूला झाले. तिसऱ्या झटक्याला दोर तुटला.

"मग?" मी विचारलं.

"पोत्यासंगं खाली पडला मावशी. हुक हलला बी न्हाई. मालक आधी उभे व्हते तिथून दोर गेला असता."

"मालक काय म्हणाले?"

"आता पोतं गाडीतच ठिवा म्हणले."

इथं थांबले असते तर बरं वाटलं असतं. पण उन्हाळ्यात एक जीपवाला आला. अनोळखी, उदगीरकडचा. गाडीच्या मागं मधोमध एक पिवळा हुक. लांबून मला वाटलं माझाच. तोच आकार, तोच रंग. बालाजीराव बंपर परत द्यायला लातूरला गेले, तेव्हा त्या दुकानदारानं जीपखाली शिरून माझ्या हुकाचे फोटो काढले होते म्हणे. आता तो मराठवाडा मॉडेल म्हणून विकत होता.

"हुक हालायलाय जरा," तो जीपवाला म्हणाला. "आवळून द्या."

मी रसूलभाईंना ग्राइंडर आणायला सांगितलं. कडेचा पिवळा रंग खरवडला. खालून पांढरी भुकटी गळायला लागली.

त्याच्यासमोर तो हुक आम्ही कापून काढला. म्हणून सांगते, असलं काही घेताना दुकानातच कडेचा रंग नखभर खरवडून मागा. दुकानदार नको म्हणाला, तर तिथूनच गाडी वळवा.