खलास जातीचा खजूर

माझ्या नवऱ्याने चित्रं काढायला सुरुवात केली ती इथल्या आखाती उन्हामुळे.

दर शनिवारी तो मला अल नहदातल्या आमच्या घरून गाडीने चित्रकलेच्या क्लासला सोडायचा आणि समोरच्या कॅफेटेरियात चहा पीत थांबायचा. जुलैतल्या एका शनिवारी कॅफेटेरिया बंद होता. आमच्या बाई साठीच्या, लेबनीज. काचेच्या दाराबाहेर घाम पुसत उभा असलेला माणूस त्यांना दिसला. "यल्ला, आत या," म्हणाल्या आणि त्याच्या हातात कागद, पेन्सिल आणि रंग दिले.

क्लास फळांच्या चित्रांचा होता. कॅमेरे यायच्या आधी फळांच्या जाती ओळखू याव्यात म्हणून चित्रकार एकेका जातीचं चित्र काढून ठेवत. अख्खं फळ, शेजारी कापलेली फोड, बी, देठाची पानं, आणि मागे कोरा कागद. बाईंकडे अशा जुन्या चित्रांच्या मोठ्या छापील प्रती होत्या. एका पेअरवर तर किड्याने पाडलेलं भोकसुद्धा चित्रकाराने जसंच्या तसं काढलं होतं. दीड-दोन वर्षं मी त्या प्रती बघून हात बसवत होते. आठवड्यातला तेवढाच वेळ माझा एकटीचा होता.

नवरा मरीना भागातल्या एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग तपासतो. ब्रश त्याने कधी धरला असेल तर बाल्कनीचं रेलिंग रंगवायला.

त्या दिवशी टेबलावर झाडावरून नुकतेच उतरवलेले अर्धवट पिकलेले खजूर होते. देठाकडे पिवळे आणि कडक, टोकाकडे तपकिरी आणि मऊ. बाईंनी जातीचं नाव सांगितलं, खलास.

"खलास? सुरुवातीलाच?" तो मला हळूच म्हणाला. मी हसले.

पिवळा रंग संपून तपकिरी सुरू होतो ती जागा फार अवघड. माझ्या चित्रात तिथे नेहमी चहा सांडल्यासारखं दिसायचं. तासाभराने बाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मला त्या दर वेळी 'व्हेरी नाइस' म्हणायच्या. त्याला काहीच म्हणाल्या नाहीत. चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला आणि पुन्हा बघत राहिल्या.

"आधी कुठे शिकला होतास?" गाडीत मी विचारलं.

"नाही गं. समोर होतं ते काढलं."

हे वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं.

पुढच्या शनिवारी त्याने क्लासला नाव घातलं. घरी डायनिंग टेबलवर डाळिंबं आणि अंजिरं मांडून बसू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, दिस इज इन्सेन!" आणि त्याचं डाळिंब तिने फ्रीजवर लावलं. त्यासाठी माझं लिंबू बाजूला सरकवलं. मी स्वयंपाक करताना त्या डाळिंबाकडे पाठ करून उभी राहायचे.

ऑक्टोबरात बाईंनी प्रदर्शन ठरवलं. जुन्या प्रतींशेजारी विद्यार्थ्यांची निवडक चित्रं. क्लासच्या यादीत नंबर माझा होता, म्हणून फोन मलाच आला. "तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांचा खलास आम्ही घेतोय."

मी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, "तुझं चित्र घेतलंय."

"आणि तुझं?"

"नाही."

"मग मी पण देत नाही."

"उपकार नको करूस," मी म्हणाले. "तू देऊ नकोस असं मला वाटत नाहीये. ते चित्र मी काढलेलं असायला हवं होतं, एवढंच वाटतंय."

त्याने ढिगातला एक शर्ट उचलून घडी घातली. "क्लास सोडू का मी?"

"सोड."

मी खरंच असं म्हणाले. आणि त्याने खरंच सोडला. चित्र मात्र दिलं, कारण ते मीच द्यायला लावलं.

प्रदर्शनाला आमच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या मावशी, सगळ्यांच्या खाला, आल्या होत्या. खजुरासमोर थांबून म्हणाल्या, "या अल्ला, हात लावला तर बोटाला चिकटंल! तुमचंच ना? तुम्ही क्लासला जाता, म्हायती हाय मला."

नवरा शेजारीच उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. मी हो म्हटलं असतं, तरी उघडलं नसतं. ते मला जास्त लागलं.

"ह्यांचं आहे," मी म्हणाले.

फुजैराकडे बाग असलेले एक वयस्कर गृहस्थ तिथे आले होते. आपल्या बागेतल्या प्रत्येक फळाचं असंच चित्र करून द्याल का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. तेव्हापासून तो रविवारी डोंगरातल्या रस्त्याने तिकडे जातो. मला दर वेळी विचारतो, "येतेस?" मी नाही म्हणते. परत येताना बागेतले पेरू घेऊन येतो.

"आई, आर यू जेलस?" परवा मुलीने विचारलं.

"हो," म्हणाले, आणि तिच्या पेरूच्या फोडीला तिखटमीठ लावून दिलं.