नर्सरीत प्रवेश चालू आहे

रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा त्यांनी आधी कोपऱ्यावरची वडापावची टपरी उचलली आणि मग आमची पाटी. पाटी पत्र्याची होती, तिच्यावर एक बाण होता. गंगापूर रोडने धरणाकडे जाताना तो बाण दिसला की डावीकडे वळायचं, द्राक्षबागेच्या कडेकडेने आत यायचं, की बायकोची नर्सरी. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, झेंडू. ट्रेमध्ये बी टोकायचं, रोप वाढवायचं आणि शेतकऱ्याने ते वेळेवर न्यायचं. हे ‘वेळेवर’ फार महत्त्वाचं. तयार झालेलं रोप थांबत नाही. ट्रेमध्येच लांबुडकं, लुळं होतं, मग त्याला कोणी हात लावत नाही. पाटी गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात असे कितीतरी ट्रे आम्ही बांधावर रिकामे केले.

“दुसरं शेडनेट यंदा भरत नाही,” बायको म्हणाली. रोपांसाठी हिरव्या जाळीचं हे शेडनेट तिने आदल्याच वर्षी हौसेने उभं केलं होतं. ती ते इतक्या सहज म्हणाली की मला काळजी वाटली. सहज बोलणं तिचा स्वभाव नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. ज्याला जे हवं ते त्याला सापडावं, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. त्यामुळे मी थोड्या रुबाबात म्हणालो, “आपण एक संकेतस्थळ करू.”

तिने हातातला ट्रे खाली ठेवला. “कुणाला भेटायचंय तुम्हाला, या वयात?”

तिचं काही चुकलं नव्हतं. जुन्या कवितेत संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी गुपचूप भेटायला ठरवलेली जागा. नदीकाठ, वेलींचा मांडव, लांबलेली वाट बघणं. सरकारी मराठीने या शब्दाला नोकरीला लावलं आणि आता संकेतस्थळावर पाणीपट्टी भरता येते.

“वेबसाइट,” मी म्हणालो.

“मग तसं म्हणा की.”

वेबसाइट करायची कशी, याबद्दल मला खरोखर उत्सुकता होती. पहिला सल्ला घरातूनच आला. माझा मेव्हणा फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवडी, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं त्याच्याकडे एकाच आकारात मिळतं. तो म्हणाला, “दाजी, वेबसाइट म्हणजे काय? मोबाइलमधला उभा फ्लेक्स. वर देव, मध्ये अक्का, खाली तुम्ही आणि समस्त मित्रपरिवार.”

“आणि रोपं?”

“रोपं बॅकग्राउंडला.”

मित्रपरिवारात त्याचा स्वतःचा फोटो किती मोठा असेल याचा अंदाज घेऊन आम्ही गंगापूर रोडवरच्या एका काचेच्या ऑफिसात गेलो. तिथे ऐन मे महिन्यात ब्लेझर घातलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला पाणी विचारलं आणि लगेच बायकोला विचारलं, “मॅडम, तुमचं व्हिजन काय आहे?”

“टोमॅटो,” ती म्हणाली.

“आणि मिशन?”

“ती लुळी पडायच्या आत जावीत.”

त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. नमुना म्हणून एक पान तयार करून पाठवतो म्हणाले. आमची एवढी मोठी नर्सरी नाही, असं मी म्हणत होतो, पण त्यांना वर्तमानकाळात रस नव्हता.

नमुना आला. आमचं नाव होतं, बायकोचा फोन नंबर होता. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्या चिमुकल्यांच्या उज्ज्वल भविष्याची पहिली पायरी’. रंगीत एप्रन घातलेली गोबरी मुलं हसत होती. त्याखाली ‘हवेशीर जागा, वैयक्तिक लक्ष’. आम्ही दिलेला टोमॅटोचा फोटो फुकट गेला नव्हता. तो ‘पौष्टिक आहार’ या मथळ्याखाली होता. गृहस्थांनी त्यांच्या लिहिणाऱ्या माणसाला फक्त ‘नर्सरी’ एवढंच सांगितलं असावं आणि गंगापूर रोडवर नर्सरी म्हटलं की काय समजतात हे उघड आहे.

बायकोने ते पान शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. “तसं खोटं काहीच नाही,” ती म्हणाली. “हवेशीर आहे. लक्षही देते मी.”

नमुना त्यांनी थेट इंटरनेटवरच टाकला होता. गृहस्थ उतरवतो म्हणाले, पण उतरवेपर्यंत तो लोकांना दिसत होता. एका दुपारी फोन वाजला. बायकोचे हात मातीचे होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

“ॲडमिशन चालू आहे का?” एक बाई विचारत होत्या.

“चालू आहे.” बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला काय करायचंय ते मला कळलं.

“वयाची अट?”

“अट अशी नाही. पण महिन्याच्या वर आम्ही कुणाला ठेवून घेत नाही.”

“महिन्याच्या? मग पुढे?”

“पुढे शेतात.”

मग बायकोनेच हसत खुलासा केला, माफी मागितली. त्या बाईही खूप हसल्या. संध्याकाळी मुलाला घेऊन आल्या आणि बाल्कनीसाठी झेंडूची रोपं घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “वळण सापडेना हो. दोनदा पुढे गेलो.”

त्यानंतर मी फोनजवळ बसायला लागलो. लोक नेमकं विचारतात काय, हे मला ऐकायचं होतं. व्हिजन कोणी विचारलं नाही. वाण कोणतं, रोपं कधी मिळतील, हे दोन मिनिटांत संपायचं. उरलेला सगळा फोन रस्त्याचा. विंचूरकडच्या एका शेतकऱ्याशी बायको बोलत होती.

“कोपऱ्यावर वडापावची टपरी होती ना, तिथून डावीकडे.”

“होती म्हंजे?”

“आता नाही.”

“ताई, नाय त्या टपरीवरून मी वळू कसा?”

मी हसलो, पण विचार करता करता मला आमचा निर्णय सापडला. आम्हाला उज्ज्वल भविष्य नको होतं, समस्त मित्रपरिवारही नको होता. आम्हाला आमची पत्र्याची पाटी परत हवी होती.

मग तयार साचा मिळतो त्यात आम्ही दोघांनीच एक पान बनवलं. मी वर ‘रोपवाटिका’ लिहिलं. बायको म्हणाली, “आजवर एकाने तरी फोनवर मला रोपवाटिका म्हटलंय का?” शब्द माझा सुंदर होता, गिऱ्हाइकं तिची होती. ‘रोपांची नर्सरी’ यावर तह झाला. ‘मुलांना प्रवेश नाही’ अशी ओळ मेव्हण्याने सुचवली. बायकोने ती खोडली. “मुलं आली तर येऊ दे की.”

रस्ता मी अत्यंत काटेकोर शब्दांत लिहिला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “गाडी चालवत हे कोण वाचणार?” मग कोपऱ्याचा फोटो काढला, पण त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी ती स्वतःच तिथे जाऊन उभी राहिली, एक हात लांब करून, बोट आमच्या रस्त्याकडे. मेव्हणा फोटो बघून म्हणाला, “अक्का, आता फक्त मागे पक्षाचं चिन्ह टाकायचं राहिलं.”

पान लावून थोडे दिवस झाले. पाऊस अजून दमदार नव्हता. सकाळी विंचूरच्या त्याच शेतकऱ्याचा फोन आला.

“ताई, कोपऱ्यावर पिकअप उभी केलीय. फोटोत तुम्ही हायेत, इथं कुणी नाय.”

“आले,” म्हणत तिने पदराला हात पुसले आणि ती भरभर निघाली. लांबून मला ती कोपऱ्यावर दिसली, फोटोतल्यासारखाच हात करून. पिकअप वळली. या वयात ती कुणाला तरी संकेतस्थळी भेटायला गेली होती आणि तो आलाही होता.

शेतकऱ्याने मिरचीची रोपं उलटून, मुळं बघून घेतली. दसऱ्याच्या झेंडूसाठी पुढची रोपं सांगून ठेवली. “आमच्या भाऊबंदांना बी लय लागतील,” म्हणाला. “त्यांना तो फोटो धाडतो.”

गाडी गेल्यावर बायको दुसऱ्या शेडनेटच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन धुळीने माखलेल्या ट्रेची एक चळत घेऊन बाहेर आली आणि ती माझ्यासमोर ठेवली.

“निम्मंच भरते,” ती म्हणाली. “अहो, बसलात काय? पाणी सोडा.”